मॅगझिन बदलताना: प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धेतील सुरक्षित हाताळणी

मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) खाली पडले की पिस्तूल रिकामे झाले, असे नवशिक्या नेमबाजाला नकळत वाटत असते आणि माझ्या मते रीलोडच्या, म्हणजे मॅगझिन बदलण्याच्या, वेळी होणाऱ्या बऱ्याचशा चुकांच्या मुळाशी हीच समजूत आहे. प्रत्यक्षात जाणता नेमबाज सगळ्या गोळ्या संपून स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे अडकेपर्यंत थांबत नाही. मॅगझिनमध्ये थोड्या गोळ्या शिल्लक असतानाच तो ते टाकून देतो आणि नवे चढवतो. मधल्या काळात मूठ पोकळ असते, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, जिवंत काडतूस बसलेले असते आणि चाप ओढला तर ते उडायला काहीही आडकाठी नसते. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चाप निकामी होण्याची सोय केलेली आहे. स्पर्धेत दिसणाऱ्या बहुतेक पिस्तुलांत मात्र ती नसते. म्हणून मॅगझिन बदलताना आपल्या एका हातात भरलेले पिस्तूल आहे आणि आपले सगळे लक्ष दुसऱ्या हाताकडे आहे, हे पक्के ध्यानात ठेवूनच पुढचे सगळे शिकावे.

महाराष्ट्रात पिस्तूल नेमबाजी म्हटली की डोळ्यांपुढे ऑलिम्पिक पद्धतीचे प्रकार येतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात नेमबाज एका जागी उभा असतो, पाच गोळ्यांची एकेक मालिका असते आणि मॅगझिन भरण्यासाठी ‘लोड’ असा वेगळा आदेश मिळतो. घड्याळ चालू असताना, धावता धावता मॅगझिन बदलण्याचा प्रसंग तिथे येत नाही. तो येतो प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या कोलंबिया येथे स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. अमेरिकेत हा खेळ यूएसपीएसए ही संघटना चालवते. तिचे नियमपुस्तक स्वतंत्र असले तरी सुरक्षेचा गाभा तोच आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि जवळच्या क्लबच्या सामन्यांना जाऊ लागलेल्या मराठी मंडळींना, विशेषतः वरळी किंवा बालेवाडीच्या रेंजवर एअर पिस्तूल शिकून तिकडे गेलेल्यांना, हा फरक आधी नीट समजून घ्यावा लागतो. स्थिर उभे राहण्याची त्यांची शिस्त उत्तम असते. पण हलत्या शरीरासोबत नळीचे तोंड कुठे वळते आहे, याची सवय त्या शिस्तीतून आपोआप येत नाही.

आयपीएससीच्या सामन्यात एका लांब स्टेजमध्ये (सामन्याच्या एका टप्प्यात) जास्तीत जास्त ३२ गोळ्या झाडाव्या लागतात आणि कोणत्याही एका जागेवरून नऊपेक्षा जास्त गुणपात्र नेम लावावे लागू नयेत, असा स्टेज रचण्याचा नियम आहे. प्रॉडक्शन विभागात, म्हणजे फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांच्या गटात, सुरुवातीला मॅगझिनमध्ये १५ गोळ्यांची मर्यादा असते. या तीन आकड्यांचा मेळ घातला की ध्यानात येते की नेमबाजाला सतत जागा बदलावी लागणार, किमान दोनदा मॅगझिन बदलावे लागणार आणि शहाणा नेमबाज ते एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जातानाच बदलणार. म्हणजे या खेळातला रीलोड हा जवळजवळ नेहमी चालत्या किंवा धावत्या पायांवर होतो. नियमांची कठोरता समजून घ्यायची तर हे चित्र डोळ्यांपुढे हवे.

कोणत्या चुकीला बाद

नियम थोडके आहेत आणि त्यांत सूट जवळजवळ नाही. मॅगझिन भरताना, बदलताना किंवा पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली, तर नेमबाज संपूर्ण सामन्यातून बाद होतो. गोळी लक्ष्यांमागच्या बांधात गेली, कुणाला काही झाले नाही, हा बचाव चालत नाही. गोळी सुटली नाही, पण मॅगझिन बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कड्याच्या) आत दिसले, तरीही बाद. नळीचे तोंड मागच्या मातीच्या बांधाच्या मध्यरेषेपासून ९० अंशांपलीकडे, म्हणजे लोक उभे असतात त्या बाजूला वळले, तरी बाद. अमेरिकेत यालाच बोलीभाषेत ‘वन-एटी’ (दोन्ही बाजूंचे मिळून १८० अंश) मोडणे म्हणतात. नळीचे तोंड स्वतःच्या शरीराच्या कोणत्याही भागावरून गेले, तरी बाद; होल्स्टरमधून पिस्तूल काढताना किंवा ठेवताना ते पायांवरून जाणे अपरिहार्य असल्याने तेवढी सवलत आहे, आणि तीही बोट स्पष्टपणे बाहेर असेल तरच. गोळी नेमबाजापासून तीन मीटरच्या आत जमिनीवर लागली तर बाद, अपवाद फक्त तितक्याच जवळच्या कागदी लक्ष्यावर झाडलेल्या गोळीचा. यूएसपीएसएमध्ये हेच अंतर १० फूट आहे.

बोट बाहेर ठेवण्यावर इतका भर का, याचे कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. एका हाताने जोर लावला की दुसऱ्या हाताचे स्नायूही नकळत आवळले जातात. डाव्या हाताने मॅगझिन जोरात वर ठोकताना उजव्या हाताची मूठ घट्ट होते, हे कुणीही रिकाम्या हातांनी करून पाहू शकतो. तोल गेला, पाय घसरला किंवा अचानक दचकायला झाले, तरी हाताची बोटे अशीच मिटतात. धावत मॅगझिन बदलणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही सगळी कारणे एकत्र येतात, आणि म्हणून ‘मी चाप ओढणार नाही’ हा निश्चय इथे पुरेसा नसतो. बोट मुळात तिथे नसणे हाच उपाय आहे.

प्रत्यक्ष कृती

पुढचे वर्णन उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी ते उलट करून वाचावे.

त्या जागेवरचा शेवटचा नेम लागला की पहिली हालचाल बोटाची असावी, पायांची नव्हे. तर्जनी ट्रिगर गार्डमधून बाहेर काढून फ्रेमच्या बाजूला, स्लाइडच्या खालच्या कडेलगत, सरळ लांब टेकवावी. गार्डच्या बाहेरच्या कडेवर बोट वाकवून ठेवणारे पुष्कळ असतात. ते नियमात बसत असले तरी मला मान्य नाही, कारण मूठ आवळली की ते वाकलेले बोट घसरून थेट चापावर येते. शिवाय मागे उभ्या असलेल्या रेंज ऑफिसरला, म्हणजे सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या पंचाला, सरळ बोट स्वच्छ दिसते. वाकलेल्या बोटाबद्दल त्याला शंका येते, आणि ‘फिंगर!’ अशी हाक ऐकण्याची वेळ येते.

बोट बाहेर आल्यावर पिस्तूल छातीसमोर, हनुवटीच्या खालच्या उंचीवर आणावे. उजवा कोपर बरगड्यांच्या जवळ येतो, हात पूर्ण लांब राहत नाही. पिस्तूल पोटापर्यंत खाली आणू नये. तसे केले की मान खाली जाते, पुढची वाट दिसत नाही आणि नळीचे तोंड जमिनीकडे, आपल्याच पायांच्या दिशेने झुकते. अंगठ्याने मॅगझिन सोडण्याचे बटण दाबावे. ज्यांचा अंगठा बटणापर्यंत पोहोचत नाही, ते पिस्तूल मुठीत थोडे फिरवतात, आणि इथेच नळी पहिल्यांदा भरकटते. हात लहान असेल तर बटण दाबताना नळी किती अंश फिरते, हे रिकाम्या पिस्तुलाने सावकाश पाहावे आणि गरज वाटल्यास नियमात बसणारे मोठे बटण बसवून घ्यावे.

याच वेळी डावा हात मुठीवरून सुटून सरळ खाली पट्ट्यावरच्या पाऊचकडे गेलेला असतो. सरळ खाली, हे महत्त्वाचे. नळीच्या पुढून वळसा घेऊन जाणारा हात म्हणजे स्वतःच्या हातावर पिस्तूल रोखणेच आहे. मॅगझिन पाऊचमधून काढताना तर्जनी त्याच्या पुढच्या कडेवर लांब असावी, इतकी की बोटाचे टोक सर्वांत वरच्या गोळीच्या टोकाला लागेल. हे बोट मग वाट दाखवते: मॅगझिनचा मागचा सपाट भाग मॅगवेलच्या (मुठीतल्या मॅगझिनच्या पोकळीच्या) मागच्या कडेला आधी टेकतो, सरळ होतो आणि आत सरकतो. उजव्या मनगटाने पिस्तूल किंचित असे कलते करावे की मॅगवेल डाव्या हाताकडे बघेल. या शेवटच्या क्षणी नजर मॅगवेलवर ठेवायला हरकत नाही. ‘न बघता बदलता आले पाहिजे’ असा सल्ला काही जण देतात, पण चुकून बाहेरच्या कडेवर आपटलेले मॅगझिन सावरायला जो वेळ आणि जी धडपड लागते, ती त्या एका दृष्टिक्षेपाहून कितीतरी वाईट. मॅगझिन तळहाताच्या टाचेने पूर्ण आत बसेपर्यंत दाबावे, डावा हात परत मुठीवर घ्यावा आणि पिस्तूल पुढे न्यावे. बोट मात्र अजून बाहेरच. पाय नव्या जागेवर पोहोचले, दृष्टी लक्ष्यावर स्थिरावली आणि नेम साधायला लागलो, तेव्हाच ते आत जाईल. नियम मॅगझिन बदलताना जसा आहे तसाच हालचालीच्या वेळीही आहे. फक्त नेम धरून गोळ्या झाडत चालणे याला अपवाद.

डावीकडे धावताना

ज्या प्रसंगात उजव्या हाताचे नेमबाज सर्वाधिक फसतात, त्याच्याकडे थोडे बारकाईने पाहू. समजा, लक्ष्ये आणि बांध आपल्यासमोर उत्तरेला आहेत आणि आपल्याला उजवीकडच्या जागेवरून डावीकडच्या जागेकडे, म्हणजे पश्चिमेला धावायचे आहे. धावताना शरीर स्वाभाविकपणे पश्चिमेकडे तोंड करते. आता पिस्तूल छातीसमोर सरळ असेल, तर नळीसुद्धा पश्चिमेकडे, म्हणजे बरोबर ९० अंशांच्या सीमारेषेवर येते. त्यातच मॅगझिन बदलण्यासाठी आपण पिस्तूल आतल्या बाजूला, डावीकडे कलते करतो. पश्चिमेला तोंड असलेल्या माणसाची डावी बाजू म्हणजे दक्षिण, जिथे बाकीचे स्पर्धक उभे आहेत. एवढ्याशा मनगटाच्या वळणाने सीमा ओलांडली जाते, आणि नेमबाजाला त्याची जाणीवही होत नाही, कारण त्याच्या शरीराच्या हिशेबाने पिस्तूल ‘समोरच’ आहे.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही एकत्र शिकवावेत या मताचा आहे. पहिला असा की मॅगझिन बदल पहिल्या पावलाच्या आत उरकावा: शेवटची गोळी सुटल्यावर शरीर अजून बांधाकडे तोंड करून असतानाच जुने मॅगझिन सोडावे, नवे आत बसवावे आणि मगच मोठी पावले टाकावीत. दुसरा असा की पाय कुठेही धावोत, कमरेच्या वरचा भाग बांधाकडे वळलेला ठेवावा आणि उजव्या हाताचा कोपर शरीरापासून थोडा बाहेर काढून नळी बांधाकडेच रोखलेली ठेवावी. हे सुरुवातीला अवघडल्यासारखे वाटते आणि डाव्या हाताला मॅगझिन घेऊन थोडे लांब यावे लागते, पण सवयीने जमते. उजवीकडे धावताना हाच त्रास डावखुऱ्यांना होतो. नळी वर किती उचलायची, याबद्दल पुष्कळ रेंजचे स्वतःचे नियम असतात. बांधाच्या माथ्यावरून नळी वर जाता कामा नये, असा नियम असेल तर मॅगझिन बदलताना पिस्तूल आकाशाकडे करण्याची सवय तिथे महागात पडेल. सामन्याआधीच्या सूचनांत हे नक्की विचारून घ्यावे.

स्टेज सुरू होण्याआधी जो वॉकथ्रू (स्टेजमधून फिरून पाहण्याची संधी) मिळतो, त्यात रीलोडची जागा ठरवून ठेवावी: अमुक भिंतीपासून निघताना पहिला, तमुक दरवाजाच्या आधी दुसरा. या फेरीत हात वर करून बोटांनी नेम धरून पाहण्यास हरकत नाही, पिस्तूल मात्र होल्स्टरमध्येच राहील. जिथे ठरवून बदल होतो तिथे हात शांत असतात. गोळ्या अनपेक्षितपणे संपतात तिथेच घाई होते.

स्लाइड मागे अडकली तर

मॅगझिन पूर्ण रिकामे होऊन स्लाइड मागे अडकली असेल, तर नवे मॅगझिन बसवल्यावर स्लाइड पुढे सोडावी लागते. अंगठ्याने स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवून ठेवणारी खिट्टी) दाबणे सगळ्यांत कमी हालचालीचे, म्हणून मला ते पसंत आहे. काही जण डाव्या हाताने स्लाइड मागे ओढून सोडतात. त्यात धोका असा की पिस्तूल आडवे, डावीकडे वळवून ओढण्याचा मोह होतो, आणि नळी बाजूच्या बांधाकडे किंवा त्याहीपलीकडे जाते. ओढायचीच असेल तर पिस्तूल बांधाकडे ठेवून, हात स्लाइडच्या मागच्या खाचांवर घेऊन, पिस्तूल पुढे ढकलत ओढावी. लहान नळीच्या पिस्तुलात हात पुढच्या भागावर गेला तर तळहात नळीच्या तोंडाशी येतो, हे विसरू नये. स्लाइड पुढे आपटते त्या क्षणी चेंबरमध्ये काडतूस चढते, आणि त्या धक्क्याच्या वेळी बोट कुठे आहे, हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

नवे मॅगझिन हातातून निसटले, तर ते जाऊ द्यावे आणि पट्ट्यावरचे पुढचे घ्यावे. म्हणूनच पट्ट्यावर गरजेपेक्षा एक जास्त मॅगझिन ठेवण्याची पद्धत आहे. वाकून उचलण्याची परवानगी असली तरी वाकताना नळी पायांवरून किंवा मागे जाण्याची शक्यता फार असते. पिस्तूलच निसटले, तर ते पकडण्याचा प्रयत्न कधीही करू नये. भरलेले पिस्तूल हातातून पडले म्हणजे सामना संपलाच. आता हवेत झेप घेतलेल्या बोटांनी चाप ओढला जाऊ नये, एवढेच पाहायचे. पडलेले पिस्तूल रेंज ऑफिसर उचलतो, नेमबाज नाही. आणि मॅगझिन बदलण्याआधीच्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही, तर रीलोड करून पुढे जाऊ नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. अशा वेळी थांबणे हाच निर्णय.

वेळेचा हिशेब

सुरक्षेची काळजी घेतली तर वेळ जातो, ही तक्रार मला पटत नाही. गुण भागिले वेळ, असा इथला हिशेब आहे. ३२ गोळ्यांच्या स्टेजमध्ये सगळे नेम मध्यभागी लागले तर १६० गुण होतात. २० सेकंदांत ते मिळवले तर हिट फॅक्टर, म्हणजे हा भागाकार, ८.०० येतो आणि २०.५ सेकंद लागले तर सुमारे ७.८०. अर्धा सेकंद पूर्ण वाया गेला, तरी नुकसान अडीच टक्क्यांच्या आत आहे. शिवाय दोन जागांमध्ये धावायला तसेही काही सेकंद लागतात आणि मॅगझिन बदल त्याच वेळात सामावतो. तो एका सेकंदात झाला काय आणि दोन सेकंदांत झाला काय, पाय पोहोचेपर्यंत पुढची गोळी सुटणारच नसते. मग बोट बाहेर ठेवण्याची किंमत शून्य आहे, आणि ते आत राहिल्याची किंमत संपूर्ण सामना.

सराव

घरी कोरडा, म्हणजे गोळी न झाडता, सराव करताना त्या खोलीत एकही जिवंत काडतूस असू नये. खिशात नाही, कपाटात नाही. वेगळ्या रंगाची डमी काडतुसे वापरावीत आणि पिस्तूल दोनदा, डोळ्यांनी आणि बोटाने, तपासावे. नळी ज्या भिंतीकडे राहील तिच्यापलीकडे कुणी राहत नाही, हेही पाहावे. बाजूच्या भिंतीवर ९० अंशांच्या थोडे अलीकडे चिकटपट्टी लावावी आणि ती ओलांडायची नाही, असे ठरवून आधी उभ्याने, मग एका पावलासह, मग डावीकडे चालत मॅगझिन बदलावे. बाजूला फोन ठेवून चित्रीकरण केले तर बोट आणि नळी दोन्ही दिसतात. स्वतःला वाटते ते आणि प्रत्यक्ष घडते ते यांत केवढा फरक असतो, हे त्यात लख्ख कळते. हात बिनचूक होईपर्यंत टायमर लावू नये.

सामन्याच्या ठिकाणी असलेल्या सेफ्टी एरियात (रिकामे पिस्तूल हाताळण्यासाठी राखलेल्या जागेत) रिकाम्या मॅगझिनने असा सराव करता येतो. तिथे काडतुसांना हात लावणे मात्र पूर्ण वर्ज्य आहे, आणि डमी काडतुसेही त्यातच येतात. पट्ट्यावर भरलेले मॅगझिन असले तरी त्याला तिथे हात लावू नये. सवयीने तेच ओढले गेले तर लगेच बाद.

स्टेज संपल्यावर ‘इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर’ (झाले असेल तर पिस्तूल रिकामे करून दाखवा) असा आदेश येतो. इथे क्रम चुकणे घातक आहे. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढायची. उलट केले तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते, पण मॅगझिनमधले दुसरे लगेच आत चढते. मग मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे वाटते, आणि ‘हॅमर डाउन’ (रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याचा आदेश) ऐकून चाप ओढला की गोळी सुटते. बाहेर उडणारे काडतूस झेलण्यासाठी स्लाइडच्या खिडकीवर तळहात झाकू नये. एजेक्टरवर (काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागावर) आपटून ते हातातच फुटू शकते. ते जमिनीवर पडू द्यावे. चेंबर स्वतः पाहावे, ऑफिसरला दाखवावे, आणि चाप ओढताना नळी बांधाकडेच असावी.

शेवटी एक प्रसंग, ज्याचा सराव फारसा कुणी करत नाही: मॅगझिन अर्धे बदलून झाले असताना ‘स्टॉप’ अशी हाक येते. कदाचित एखादे लक्ष्य पडले असेल, कदाचित कुणी बांधावर दिसले असेल. अशा वेळी हातातले काम पूर्ण करण्याची ओढ फार प्रबळ असते आणि नेमबाज मॅगझिन आत ठोकूनच थांबतो. तसे न करता डावा हात जिथे आहे तिथेच ठेवावा, पाय थांबवावेत, बोट बाहेर आणि नळी बांधाकडे ठेवून पुढच्या सूचनेची वाट पाहावी. रिकामे करण्याची सूचना मिळाली की मॅगझिन आत नसले तरी स्लाइड ओढावी, कारण चेंबरमधले काडतूस अजून तिथेच आहे.